मॅरेथॉनचा रस्ता आणि भुईगावची शिळा

वसई-विरार हा पट्टा आता आपल्या समाजाला परका राहिलेला नाही. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, वरळी आणि डिलाईल रोडच्या चाळींतली खोली वाढत्या संसाराला पुरेनाशी झाली, तेव्हा आपली कितीतरी कुटुंबे पश्चिम रेल्वेच्या गाडीने पुढे पुढे सरकत नालासोपारा आणि विरारला उतरली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. त्यानंतर ती किती वाढली असेल, हे सकाळच्या विरार लोकलच्या दारात लटकणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

पण आपल्याला येथले काय माहीत असते? स्टेशन, पूल, रिक्षा स्टँड आणि पाण्याचा टँकर. काळोखात घरातून निघायचे, काळोखात घरी यायचे. रविवार जातो पाणी भरण्यात आणि झोप काढण्यात. रेल्वेरुळाच्या पश्चिमेला चार-पाच मैलांच्या आत चारशे-साडेचारशे वर्षांची चर्चे आहेत, केळीच्या बागा आहेत, आणि सम्राट अशोकाच्या काळापासूनचा आपला स्वतःचा वारसा आहे, हे पुष्कळांच्या गावी नसते. एका रविवारी या भागातून पायी, कुठे रिक्षाने, कुठे बसने केलेल्या फेरीची ही हकीकत आहे. फेरीत जो प्रश्न सोबत घेतला होता, तो वाचकांपुढे ठेवावा यासाठी हा लेखप्रपंच.

धावण्याचा दिवस

दरवर्षी डिसेंबरात एका रविवारी येथे मॅरेथॉन होते. विरार पश्चिमेच्या न्यू विवा कॉलेजचा परिसर पहाटेच जागा होतो. पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. देशभरातले नामवंत धावपटू येतात, शाळेची पोरे येतात, म्हातारी माणसेही धावतात. २०११ साली ही स्पर्धा सुरू झाली. करोनाच्या काळात खंड पडला आणि २०२२ पासून ती पुन्हा भरू लागली. गंमत अशी, की जून २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आला होता. त्यामुळे २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी शहराला महापौर नव्हता, पण स्पर्धेचे नाव होते 'महापौर मॅरेथॉन'!

स्पर्धेला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. आपल्या वस्तीतल्या मुलांनी धावावे, पदके आणावीत. बूट नसले तरी छाती असते, आणि छातीला जात विचारता येत नाही. तेव्हा स्पर्धा हवीच. प्रश्न निराळा आहे. शहराचा उत्सव असतो तेव्हा शहर आपला चेहरा धुऊन-पुसून जगाला दाखवते. तो चेहरा कोण धुतो? आणि त्या चेहऱ्यामागे काय झाकले जाते?

अशाच एका पहाटे रस्त्याच्या कडेला खराटा टेकवून बसलेली एक भगिनी भेटली. अंगात ठेकेदाराने दिलेले नारंगी जाकीट. बोलीवरून मराठवाड्याकडची वाटली. मी 'जयभीम ताई' म्हणालो, तशी ती उठून उभी राहिली. "जयभीम दादा. बसा की हितं, धावणारे यायला टाईम हाय अजून." ती रात्री तीनला आली होती. धावपटू येण्याआधी रस्ता झाडायचा, ते गेल्यावर बाटल्या आणि पेले गोळा करायचे, असे तिचे काम. मी म्हणालो, "लोक धावणाऱ्यांना टाळ्या वाजवतात. तुम्हांला कुणी वाजवल्या का?" ती हसली. म्हणाली, "आमाला कशापायी वाजवतील? त्यांचं धावणं वरसातनं एक दिवस. आमचं रोजचंच हाय."

खेळ नुसता खेळ नसतो

'खेळात कसले राजकारण आणता?' असे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. ज्यांनी खेळाच्या मैदानावर अपमान सोसला त्यांना हे पटणार नाही. पाळवणकर बाळू हे नाव घरोघरी ठाऊक असायला हवे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चर्मकार समाजात जन्मलेला हा गोलंदाज गोऱ्या साहेबांचे बळी घ्यायचा. गोलंदाजी संघाला हवी होती. पण चहाच्या वेळी त्याला बाहेर बसवून मातीच्या भांड्यात चहा दिला जायचा. चेंडूला विटाळ होत नव्हता, कपाला होत होता! पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले आणि बाबासाहेब निवडून आले, तो इतिहास निराळा. मुद्दा एवढाच, की समाजात जे आहे तेच मैदानावर येते.

याच न्यायाने उत्सवाच्या खर्चातही समाजाचे चित्र दिसते. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. झोपड्या उठल्या. बांधकामावरच्या मजुरांची स्थिती पाहण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाला समिती नेमावी लागली, आणि मजुरांना किमान वेतनही मिळत नाही असे पुढे आले. आपल्या दृष्टीने सर्वांत गंभीर गोष्ट पुढेच आहे. अनुसूचित जातींच्या विकासासाठी जो विशेष घटक योजनेचा निधी असतो, त्यातले सुमारे ७४४ कोटी रुपये दिल्ली सरकारने या स्पर्धांच्या कामाकडे वळवले, असे माहितीच्या अधिकारातून बाहेर आले. आकड्यावरून वाद झाला. पण पैसा वळवला गेला आणि ते चूक होते, हे तत्कालीन गृहमंत्री पी. चिदंबरम यांना राज्यसभेत मान्य करावे लागले. ज्या पैशातून आपल्या मुलांची वसतिगृहे व्हायची, शिष्यवृत्त्या द्यायच्या, तो पैसा रोषणाईत गेला. मी वाणिज्य शाखेचा माणूस. मला रोषणाईपेक्षा जमाखर्चाचे पान जास्त बोलके वाटते.

चर्चने विचारलेला प्रश्न

वसईच्या रस्त्याने चालताना दर मैल-दीड मैलावर चर्च लागते. म्हणून मनात आले, धर्मसंस्थांनी अशा वेळी काय करायचे असते? मैदानाबाहेर उभे राहून आशीर्वाद द्यायचे, की काही विचारायचे? जगात तीन ठिकाणी ख्रिस्ती मंडळींनी विचारले, ते थोडक्यात सांगतो.

पहिले उदाहरण क्रिकेटचे, म्हणजे आपल्या घरातल्या पोरांनाही कळेल असे. डेव्हिड शेपर्ड हा इंग्लंडचा सलामीचा फलंदाज. १९५२ साली ओव्हलवर त्याने आपल्या भारताविरुद्ध शतक ठोकले. १९५४ मध्ये दोन कसोटींत तो इंग्लंडचा कर्णधार होता. पुढे तो पाद्री झाला. १९६० साली दक्षिण आफ्रिकेचा गोऱ्यांचा संघ इंग्लंडला आला, तेव्हा या पाद्र्याने खेळायला साफ नकार दिला. ज्या देशात काळ्या माणसाला संघात जागा नाही त्या देशाशी मी खेळणार नाही, अशी त्याची भूमिका होती. १९७० चा दक्षिण आफ्रिकेचा दौरा रद्द व्हावा म्हणून झालेल्या चळवळीतही तो पुढे होता, आणि तो दौरा रद्द झाला. अस्पृश्यता आणि वर्णभेद ही सख्खी भावंडे आहेत. म्हणून हा माणूस आपल्याला जवळचा वाटला पाहिजे.

दुसरे उदाहरण लंडनचे. पूर्व लंडन हा गरिबांचा, स्थलांतरितांचा भाग. तेथल्या चर्चनी, मशिदींनी, शाळांनी आणि कामगार संघटनांनी मिळून 'टेल्को' नावाची संघटना बांधली होती. २००१ पासून ते 'जीवनवेतना'साठी लढत होते. जीवनवेतन म्हणजे कायद्याने ठरवलेले किमान वेतन नव्हे, तर ज्यात कुटुंब खरोखर जगू शकेल असे वेतन. २०१२ चे ऑलिम्पिक आपल्याच दारात येणार अशी चिन्हे दिसताच या मंडळींनी २००४ मध्येच संयोजकांना गाठले. आमचा पाठिंबा हवा ना? मग सफाई करणाऱ्याला, स्वयंपाक करणाऱ्याला, पहारा देणाऱ्याला जीवनवेतन द्या, असे वचन त्यांनी मागून घेतले. खेळ झाले त्या उन्हाळ्यात तेथले किमान वेतन ताशी ६ पौंड ८ पेन्स होते आणि लंडनचे जीवनवेतन ८ पौंड ३० पेन्स. फरक सव्वादोन पौंडांचा. महिन्याचा हिशेब केला तर तो लहान नव्हे.

तिसरे ब्राझीलचे. २०१४ चा फुटबॉलचा विश्वचषक तेथे झाला. फुटबॉल हा तेथल्या लोकांचा जीव की प्राण. तरीही तेथल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने लाल रंगाचे पत्रक काढले, जणू पंचाने दाखवलेले लाल कार्ड. स्टेडियमसाठी उठवलेली घरे, उधळलेला सरकारी पैसा, रस्त्यावर फेकलेले गरीब, यांवर त्यात बोट ठेवले होते. त्याच वेळी 'तालिथा कुम' या धर्मभगिनींच्या जाळ्याने स्पर्धेच्या गर्दीत मुलींची होणारी विक्री रोखण्यासाठी मोहीम चालवली. या नावाचा अर्थ 'मुली, ऊठ' असा आहे.

तिन्ही ठिकाणी कोणी 'खेळ बंद करा' म्हणाले नाही. खेळ चालू द्या, पण माणूस मोजा, एवढेच म्हणणे होते.

नंदाखालच्या वाटेवर

आता वसईत परत येऊ. विरार पश्चिमेकडून बोळिंज मागे टाकले की हवा बदलते. नंदाखाल, उमराळे, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज, पापडी अशी गावे एकापुढे एक लागतात. येथले ख्रिस्ती मराठी बोलतात. सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन असे त्यांचे निरनिराळे समाज. केळी, भाजीपाला, पानवेल, फुले ही त्यांची पिके. वसईचे दूध आणि भाजी वर्षानुवर्षे पहिल्या गाड्यांनी मुंबईला जात आली.

१९८८ च्या सुमारास सरकारी धोरण बदलले आणि ही हिरवी जमीन बिल्डरांसाठी मोकळी होऊ लागली. १९९० साली नियोजनाचे काम सिडकोकडे गेले. इमारती उठू लागल्या, पण त्यांना पाणी नव्हते. मग टँकर आले. टँकर गावांतल्या विहिरी उपसू लागले. समुद्रकाठच्या जमिनीतून गोडे पाणी बेसुमार उपसले, की खारे पाणी आत सरकते. विहीर खारी झाली की बाग गेली. याच्या जोडीला गुंडांची दहशत होतीच.

अशा वेळी नंदाखालचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे आले. 'सुवर्ता' मासिकाचे ते संपादक होते. मार्कुस डाबरे आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी 'हरित वसई संरक्षण समिती' उभी केली. झग्यातला पाद्री मोर्चात चालू लागला. ख्रिस्ती आणि हिंदू गावकरी, बाया-माणसे हजारोंनी रस्त्यावर उतरली. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. हा मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

निर्मळच्या पुढे बागेच्या कडेला एक वृद्ध शेतकरी भेटले. मी 'काका' म्हणून हाक मारली. त्यांनी विहीर दाखवली, पाणी प्यायला दिले. म्हणाले, "हे गोडं आहे. पलीकडच्या वाडीतलं तोंडात धरवत नाही." मोर्चाचे दिवस विचारले तर त्यांचे डोळे चमकले. "रविवारची मिस्सा झाली की देवळाच्या आवारातच बोलणं व्हायचं. आमची बायको कधी तालुक्याला एकटी गेली नव्हती, ती मोर्चात पुढे!" येथली जुनी माणसे चर्चला 'देऊळ' म्हणतात, ते कानाला गोड लागले.

३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून महापालिका झाली, तेव्हाही पुष्कळ गावांनी 'आम्हांला शहरात ओढू नका' म्हणून मोठे आंदोलन केले. २०११ साली सरकारने २९ गावे वगळण्याची अधिसूचना काढली. प्रकरण न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे रखडले.

दुसरी बाजूही पाहू

कौतुक करताना डोळे मिटायचे नाहीत, हे आपण बाबासाहेबांकडून शिकलो. हरित वसईची चळवळ थोर होती, पण ती मुख्यतः जमीन असणाऱ्यांची चळवळ होती. ज्यांच्याजवळ विहीर होती त्यांची विहीर वाचवायची होती. ज्यांच्याजवळ ना विहीर ना गुंठाभर जमीन, त्यांचे काय? याच वसई तालुक्यात आदिवासी वेठबिगार होते, आणि त्यांना सोडवण्यासाठी १९८० च्या दशकात श्रमजीवी संघटनेला वेगळे लढावे लागले. त्या टँकरचे पाणी जे पीत होते, ते कोण होते? मुंबईत घर न परवडणारे, स्वस्तातला गाळा घेऊन फसलेले, तुमच्या-आमच्यासारखे कामगार. गावकऱ्याला वाटे शहर आपले पाणी पळवते. शहरातल्याला वाटे गावकरी आपले पाणी अडवतो. पैसा करणारा तिसराच होता, तो मधल्या मध्ये मोठा झाला.

त्याचे परिणाम आजही आपणच भोगतो आहोत. २०२५ च्या आरंभी उच्च न्यायालयाच्या आदेशावरून नालासोपारा पूर्वेच्या ४१ बेकायदा इमारती पाडल्या गेल्या. दोन हजारांहून अधिक कुटुंबे उघड्यावर आली. जमीन सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती, हे घर घेणाऱ्या मजुराला कोणी सांगितले नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरार पूर्वेला एक इमारत कोसळून १७ माणसे गेली. आणि एप्रिल २०२४ मध्ये विरार पश्चिमेच्या ग्लोबल सिटीत सांडपाण्याच्या टाकीत साफसफाईला उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. २०१३ चा कायदा माणसाला असे जीवघेण्या टाकीत उतरवू नका म्हणून सांगतो. कायदा पुस्तकात राहिला, माणसे टाकीत राहिली. ज्या विरार पश्चिमेत डिसेंबरात टाळ्यांचा कडकडाट होतो, त्याच विरार पश्चिमेतली ही गोष्ट आहे.

आणखी एक बोलले पाहिजे. चर्चच्या आतही जात शिरली आहे, हे दलित ख्रिस्ती बांधव स्वतःच सांगतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना होत्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. तेव्हा न्यायाचा प्रश्न चर्चने बाहेर विचारावा तसा घरातही विचारावा. आपणही आपल्या घरात विचारावा. आपल्या वस्तीत झाडू मारायला येणाऱ्या माणसाचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

सोपारा आणि भुईगाव

फेरीत ज्यासाठी मन ओढ घेत होते ते ठिकाण नालासोपारा पश्चिमेला आहे. लोक त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत आले. हा आहे सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप. प्राचीन काळी सोपारा, म्हणजे शूर्पारक, हे मोठे बंदर होते. भगवानांचा शिष्य पूर्ण हा याच भागाचा, अशी बौद्ध परंपरा आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथे उत्खनन केले. दगडी पेटीत करंडक, सोन्याची फुले आणि बुद्धमूर्ती सापडल्या. त्या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात मिळाला. आणि नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला तो भुईगावात, १९५६ साली. ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि दिली, त्याच वर्षी वसईच्या एका किनारी गावातून अशोकाचा शब्द वर आला. आज ती शिळा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

या दोन लेखांचा आशय काय? आठव्यात अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी फिरायला निघत. मी मात्र धम्मयात्रेला निघालो. वृद्धांना भेटायचे, दान द्यायचे, गावोगावच्या लोकांना भेटून त्यांच्याशी बोलायचे, अशी ही यात्रा. नवव्यात तो सांगतो, की लोक लग्नात, आजारपणात, प्रवासाला निघताना नाना प्रकारचे मंगलविधी करतात. त्यांचे फळ थोडे. खरा मंगलविधी धम्माचा. आणि धम्माच्या मंगलात पहिली गोष्ट कोणती? दास आणि मजुरीवर राबणारे भृतक यांच्याशी नीट वागणे! गुरूंचा मान, जीवांविषयी संयम, दान, हे त्याच्यानंतर.

वाचकहो, सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा राजा म्हणतो की उत्सवाची किंमत राबणाऱ्याशी तुम्ही कसे वागता यावर ठरते. पूर्व लंडनच्या चर्चनी ऑलिम्पिकच्या संयोजकांना दुसरे काय सांगितले? ब्राझीलच्या बिशपांनी लाल पत्रकात दुसरे काय छापले? आपला धर्म वेगळा, त्यांचा वेगळा. त्यांच्या देवाधर्माशी आपल्याला कर्तव्य नाही. पण दोन वाटा एका चौकात येतात, आणि त्या चौकात सफाई कामगार उभा आहे. अशोकाच्या शिळेला ज्या भुईगावच्या मातीने सांभाळले, ते आज प्रामुख्याने ख्रिस्ती शेतकऱ्यांचे गाव आहे. त्यांचे आणि आपले नाते सांगायला याहून मोठा पुरावा कशाला हवा?

मग करायचे काय?

नुसते लिहून भागत नाही. पापडीला 'कृपामाते'चे कॅथेड्रल आहे. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याचे ते मुख्य चर्च. पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी तुकोबांवर प्रबंध लिहिलेला. अशा ठिकाणी संवाद अवघड नाही. गावागावांत चर्चची युवक मंडळे आहेत, महिला मंडळे आहेत. आपल्याकडे वस्तीवस्तीत बुद्धविहार आणि मंडळे आहेत. दोघांनी मिळून मॅरेथॉनच्या महिनाभर आधी महापालिकेला तीन साधे प्रश्न लेखी विचारावेत.

पहिला प्रश्न : त्या दिवशी रात्रीपासून राबणाऱ्या कंत्राटी सफाई कामगारांना जादा कामाचा मोबदला, न्याहारी, हातमोजे, बूट आणि बदली सुट्टी मिळते का? मिळत असेल तर आनंद आहे, कागदावर दाखवा.

दुसरा प्रश्न : स्पर्धेवर महापालिकेचा खर्च किती आणि तो कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकला? अंदाजपत्रकात दुर्बल घटकांसाठी जो निधी राखलेला असतो, त्यातला किती खर्च झाला आणि किती पडून राहिला? दिल्लीचा अनुभव आपल्यासमोर आहे.

तिसरा प्रश्न : टाकीत उतरून माणूस मरू नये म्हणून शहरात किती यंत्रे आहेत, आणि खाजगी सोसायट्यांच्या टाक्यांची तपासणी कोण करते?

माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्ज लिहायला वकील लागत नाही. दहावी झालेली आपली मुलगी तो लिहू शकते. दोन सह्या विहाराच्या, दोन सह्या चर्चच्या मंडळाच्या असल्या तर त्या अर्जाचे वजन वाढेल. दिब्रिटोंनी हिंदू-ख्रिस्ती गावकऱ्यांना एका मोर्चात आणले. आता गावकरी आणि चाळकरी यांना एका अर्जावर आणण्याचे काम बाकी आहे. ते आपण करू शकतो.

आणि तोवर एक रविवार काढा. नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरा, मुलांना घेऊन सोपाऱ्याच्या स्तूपावर जा. घरातली भाकरी बांधून न्या. तेथून निर्मळ, भुईगाव करीत वसईपर्यंत या. वाटेत केळी विकणाऱ्या मावशीशी बोला, चर्चच्या आवारात घटकाभर सावलीला बसा, कोणी हटकणार नाही. जाता-येता जो कोणी रस्ता झाडताना दिसेल त्याला नाव विचारा आणि मुलांना त्याला नमस्कार करायला सांगा. अशोकाने सांगितलेली धम्मयात्रा ती हीच. तिला ४२ किलोमीटर धावावे लागत नाही.